घरावर सौर वीज घेण्यापूर्वी बिल वाचायला शिका



गेल्या महिन्यात एका रविवारी मिस्सानंतर आपल्याच भागातला एक शेतकरी बंधू हातात दोन कागद घेऊन चर्चच्या आवारात उभा होता. एक कागद विजेच्या बिलाचा, दुसरा सौर पॅनेल विकणाऱ्या माणसाने दिलेल्या अंदाजपत्रकाचा. अंदाजपत्रकावर लिहिले होते : "एक किलोवॅटचा संच. महिन्याला १०० युनिट. दर ७ रुपये. बचत ७०० रुपये. अनुदान वजा जाता तुमचे ३५,००० रुपये ५० महिन्यांत वसूल." बंधूचा विचार जवळजवळ पक्का झाला होता. पैसे नव्हते, म्हणून घरधनिणीची सोन्याची माळ सोसायटीत ठेवायची असे दोघांनी ठरवले होते.

मग आम्ही दुसरा कागद उलगडला. बिल कानडीत होते आणि ते त्याने नीट वाचलेच नव्हते. भरावयाची रक्कम होती शून्य. म्हणजे ज्या घराला विजेचे काहीच द्यावे लागत नाही, त्या घरात महिना ७०० रुपये वाचणार असे अंदाजपत्रक सांगत होते!

सौर वीज वाईट आहे असे मुळीच नाही. पुष्कळ घरांना ती फार लाभाची आहे. पण तो लाभ नुसत्या उन्हावर ठरत नाही, विजेचा दर कसा आकारला जातो यावरही ठरतो. ऊन बेळगावात, चंदगडात आणि गोव्यात थोड्याफार फरकाने सारखेच पडते. दराची रीत मात्र तिन्हीकडे निराळी आहे. म्हणून या वेळचा पाठ बिलाचा. पेन्सिल, वही आणि घरातले शेवटचे बिल घेऊन बसा. बिल कानडीत असेल तर शाळेत कानडी शिकणाऱ्या मुलाला शेजारी बसवा.

१. युनिट आणि किलोवॅट

१,००० वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट वीज खर्च होते. १०० वॅटचा जुना दिवा दहा तास जळला तर एक युनिट. ९ वॅटचा एलईडी दिवा शंभर तासांहून अधिक जळला तरच एक युनिट.

सौर संच किलोवॅटमध्ये मोजतात. एक किलोवॅटच्या संचाला सुमारे १०० चौरस फूट सावली नसलेली जागा लागते आणि वर्षाच्या सरासरीने तो दिवसाला सुमारे ४ युनिट वीज देतो. म्हणजे महिन्याला १२० युनिट. पण आपल्याकडे जून ते सप्टेंबर आभाळ भरलेले असते. खानापूर, चंदगड व गोव्याच्या बाजूला तर विशेषच. शिवाय धूळ आहे, पक्ष्यांची विष्ठा आहे, बाजूच्या फणसाची सावली आहे. म्हणून शहाण्या माणसाने हिशेबाला महिना १०० युनिट हाच आकडा धरावा. जास्त मिळाली तर आनंदच आहे. या पाठात आपण सर्वत्र १०० धरू.

२. बिलाचे दोन मुख्य भाग

पहिला भाग स्थिर आकाराचा. तुमच्या जोडणीला जितका भार मंजूर आहे त्यावर किंवा जोडणीच्या प्रकारावर तो ठरतो. वीज वापरा अगर न वापरा, तो द्यावाच लागतो.

दुसरा भाग वीज आकाराचा. तो युनिटावर असतो. त्याला चिकटून वहन आकार, इंधन समायोजन, वीज कर असे लहान भाग येतात. त्यांतले बहुतेक युनिटांबरोबरच वाढतात किंवा घटतात.

आता हे ध्यानात ठेवा : सौर वीज फक्त दुसरा भाग कमी करते. पहिल्या भागाला तिचा हात लागत नाही. म्हणून बिलाचा एकूण आकडा पाहून "हे सगळे वाचणार" असे कधीही समजू नये.

कर्नाटकात नुकतेच काय घडले ते पाहा. २०२४-२५ साली घरगुती दर युनिटाला ५ रुपये ९० पैसे होता आणि स्थिर आकार दर किलोवॅटला महिना १२० रुपये. २०२५-२६ साली दर १० पैशांनी उतरून ५ रुपये ८० पैसे झाला, पण स्थिर आकार १४५ रुपयांवर गेला. तीन किलोवॅट भार असलेल्या आणि ३०० युनिट वापरणाऱ्या घराचे वीज आकारात ३० रुपये वाचले व स्थिर आकारात ७५ रुपये वाढले. (त्याच वर्षापासून वीज कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिवेतनासाठी युनिटामागे ३६ पैसे वेगळे लागू झाले, ते निराळे.) स्थिर आकाराकडे जितका बोजा सरकतो, तितकी सौर पॅनेलची कमाई आटते. ग्राहकाला ही गोष्ट सहसा कोणी समजावून सांगत नाही.

३. दराच्या तीन रीती आणि चार घरे

दराच्या रीती मुख्यतः तीन. पहिली, सपाट दर : पहिले युनिट असो वा तीनशेवे, दर एकच. दुसरी, टप्प्यांचा दर : थोडी वीज वापरणाऱ्याला स्वस्त, पुढच्या टप्प्यातली युनिटे महाग. तिसरी, मोफत मर्यादा : अमुक युनिटांपर्यंत सरकार बिल भरते.

आता चार घरांचा हिशेब करू. संचाची किंमत शिकण्यापुरती अशी धरू : एक किलोवॅट ६५,००० रुपये, दोन किलोवॅट १,२०,०००, तीन किलोवॅट १,७५,०००. केंद्र सरकारची घरांसाठीची सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. तिचे अनुदान एक किलोवॅटला ३०,०००, दोनला ६०,००० आणि तीन व त्याहून अधिकला ७८,००० रुपये असे ठरले. ते वजा केले की पदरचे अनुक्रमे ३५,०००, ६०,००० आणि ९७,००० रुपये लागतात. तुमच्या गावात किंमत वेगळी असेल तर तो आकडा घाला. रीत तीच राहील.

पहिले घर : कर्नाटक, वापर ६५ युनिट.
कर्नाटकात ऑगस्ट २०२३ पासून गृहज्योती योजनेची बिले येऊ लागली. २०२२-२३ सालातली तुमची महिन्याची सरासरी काढून तीत दहा टक्के मिळवतात. तेवढी युनिटे, २०० च्या मर्यादेत, मोफत. या घराची सरासरी ६० होती, म्हणून ६६ युनिटे मोफत. वापर ६५, बिल शून्य. येथे एक किलोवॅटचा संच बसवला तर बिलात बचत किती? शून्य. जे आपण भरतच नाही ते वाचणार कसे? आपल्या बंधूचे घर हेच.

दुसरे घर : कर्नाटक, वापर ३०० युनिट, योजनेबाहेर.
दर सपाट आहे. वरचे पैसे धरून युनिट ६ रुपयांना पडते असे समजू. दोन किलोवॅटचा संच २०० युनिटे देईल. बचत १,२०० रुपये. पदरचे ६०,००० भागिले १,२०० म्हणजे ५० महिने, सुमारे चार वर्षे. तीन किलोवॅट घेतला तर बचत १,८०० आणि ९७,००० फिटायला ५४ महिने. दोन्ही व्यवहार चांगले आहेत. सपाट दरात प्रत्येक युनिटाची किंमत सारखी असल्यामुळे लहान व मोठा संच यांत फार अंतर पडत नाही.

तिसरे घर : महाराष्ट्र, वापर ३०० युनिट.
महाराष्ट्रात महावितरणचे टप्पे १०० पर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे असे आहेत. २०२४-२५ साली पहिल्या टप्प्याचा दर ४ रुपये ७१ पैसे व दुसऱ्याचा १० रुपये २९ पैसे होता. शिवाय प्रत्येक युनिटावर वहन आकार १ रुपया १७ पैसे. २०२५ साली नवे दर आले आहेत, पण शिकण्यासाठी हेच आकडे घेऊ. म्हणजे पहिली १०० युनिटे ५ रुपये ८८ पैशांनी ५८८ रुपये आणि पुढची २०० युनिटे ११ रुपये ४६ पैशांनी २,२९२ रुपये. एकूण २,८८० रुपये.

आता खळ्यावरची रास डोळ्यांपुढे आणा. रास उचलायला लागलो की वरचे धान्य आधी जाते, तळचे शेवटी. सौर वीज बिलाची रास अशीच वरून उचलते. पहिल्या किलोवॅटची १०० युनिटे सर्वांत महाग थरातून जातात : बचत १,१४६ रुपये. दुसऱ्या किलोवॅटचीही तेवढीच. तिसरा किलोवॅट मात्र तळच्या स्वस्त थराला लागतो : बचत फक्त ५८८ रुपये.

पदरचे पैसे याच क्रमाने मांडा. पहिल्या किलोवॅटचे ३५,००० रुपये सुमारे ३१ महिन्यांत फिटतात. दुसऱ्यासाठी वाढीव २५,००० लागतात, ते २२ महिन्यांत फिटतात. तिसऱ्यासाठी वाढीव ३७,००० लागतात, त्यांना ६३ महिने म्हणजे सव्वापाच वर्षे लागतात. या घराने दोन किलोवॅटवर थांबावे. मुले मोठी होऊन वापर वाढणार असेल तरच तिसऱ्याचा विचार करावा.

चौथे घर : गोवा, वापर १५० युनिट.
गोव्यात टप्पे शंभर शंभर युनिटांचे आहेत आणि खालचे दर पुष्कळ स्वस्त. २०२४-२५ साली पहिल्या शंभर युनिटांना सुमारे १ रुपया ९० पैसे आणि पुढच्या शंभरांना सुमारे २ रुपये ८० पैसे पडत. एक किलोवॅटच्या १०० युनिटांपैकी ५० वरच्या थरातून गेली, त्यांचे १४० रुपये. ५० खालच्या थरातून, त्यांचे ९५. एकूण बचत २३५ रुपये. पदरचे ३५,००० फिटायला बारा वर्षांहून अधिक काळ लागेल. राज्याची काही वेगळी मदत मिळत असेल तर ती वजा करून पुन्हा भागाकार करावा. पण त्याच गोव्यात ज्याचा वापर ५०० युनिटांच्या वर आहे, त्याची वरची युनिटे पाच रुपयांहून महाग आहेत. त्याचा हिशेब निराळा येईल.

पाहा, पॅनेल तेच, ऊन तेच. एका घरी दोन-अडीच वर्षांत पैसे परत, दुसरीकडे चार वर्षांत, तिसरीकडे बारा वर्षांत आणि एका घरी कधीच नाही. एवढा फरक फक्त दराच्या रीतीने पडला.

४. सरासरीची चूक

विक्रेते बहुधा असा हिशेब करतात : बिल २,८८० रुपये, युनिटे ३००, म्हणून युनिट ९ रुपये ६० पैशांना. मग प्रत्येक किलोवॅटची बचत ९६० रुपये धरून तीन किलोवॅटचा संच गळ्यात मारतात. तिसऱ्या घरात आपण पाहिले की तिसऱ्या किलोवॅटची खरी बचत ५८८ आहे, ९६० नव्हे. ३८ महिन्यांत फिटतील असे कागद सांगतो, प्रत्यक्षात ६३ महिने लागतात.

उलट ज्या घराला एकच किलोवॅट परवडतो, त्याला सरासरीने लाभ कमी दिसतो. खरा लाभ ९६० नव्हे, १,१४६ आहे. म्हणजे सरासरी दोन्हीकडून फसवते. सरासरी काढू नका. जे युनिट कमी होणार, त्याचा दर विचारा.

५. कड्यावरचे घर

मोफत मर्यादेच्या रीतीत एक कडा असतो, तो ओळखून ठेवावा. गृहज्योतीत एका घराची मोफत मर्यादा १६५ युनिटे आहे असे समजा. त्याने २०० युनिटे वापरली तर वरच्या ३५ युनिटांचे ५ रुपये ८० पैशांनी २०३ रुपये द्यावे लागतात (कर व स्थिर आकार बाजूला ठेवू). पण २०१ युनिटे वापरली तर सवलत त्या महिन्यापुरती जाते आणि पूर्ण २०१ युनिटांचे १,१६६ रुपये भरावे लागतात. एका युनिटाने ९६३ रुपयांचा फरक!

अशा घराने आधी सौर संचाकडे धावू नये, आधी घरातली गळती बंद करावी. ७५ वॅटचा जुना पंखा काढून तीस-पस्तीस वॅटचा नवा घेतला आणि तो दिवसाला बारा तास चालत असला, तर महिन्याला १४-१५ युनिटे वाचतात. दोन पंखे बदलले की तीस युनिटे. चार जुने दिवे बदलावेत. फ्रीजच्या दाराचे रबर पाहावे. काही हजारांचे हे काम पस्तीस हजारांच्या संचाआधी करायचे आहे. वाचवलेल्या युनिटाला छप्पर लागत नाही आणि अनुदानही लागत नाही.

आणि गृहज्योतीचा लाभ घेणाऱ्या ज्या घराला तरीही संच बसवायचा आहे, त्याने नेट मीटर लागल्यावर आपली मोफत युनिटे कशी मोजली जातील, हे वीज कार्यालयाकडून अर्ज करण्यापूर्वी लेखी मागून घ्यावे.

६. नेट मीटर म्हणजे काय

दुपारी पॅनेल वीज देते तेव्हा आपण शेतात असतो. घरात वापर नसतो. ती वीज तारेतून बाहेर जाते आणि रात्री आपण तारेतून परत घेतो. नेट मीटर दोन्ही मोजतो. महिनाअखेर घेतलेल्या युनिटांतून दिलेली युनिटे वजा करतात आणि उरलेल्यांचेच बिल येते. शेजाऱ्याला दुपारी दिलेले पायलीभर तांदूळ संध्याकाळी पायलीभरच परत मिळावेत, तशी ही रीत आहे. वरचे सगळे हिशेब याच रीतीने केले आहेत. ग्राहकांच्या हक्कांसंबंधी केंद्र सरकारचे नियम २०२० साली झाले. २०२१ च्या दुरुस्तीने नेट मीटरची मर्यादा ५०० किलोवॅट ठरली, म्हणजे घरांना ती पुरून उरते.

पण वापरापेक्षा जास्त वीज तयार झाली तर वरच्या शिलकेला विकत घेण्याच्या दराइतका भाव मिळत नाही, बराच कमी मिळतो. म्हणून "जास्त पॅनेल लावा, वीज विकून श्रीमंत व्हा" या बोलण्याला भुलू नये. वर्षाचा वापर जितका, तितकाच किंवा थोडा लहान संच घ्यावा.

दुसरी रीत अशी की बाहेर गेलेल्या युनिटाला वेगळा, कमी भाव आणि आत घेतलेल्याला पूर्ण भाव. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात घरोघर सौर पॅनेल झाले. दुपारी वीज उतू जाऊ लागली आणि सूर्य मावळला की टंचाई. तेथील आयोगाने १५ एप्रिल २०२३ पासून अर्ज करणाऱ्यांसाठी बाहेर दिलेल्या विजेचा मोबदला सुमारे पाऊणपट उतरवला. आधी बसवणाऱ्यांचे जुने नियम ठरावीक वर्षांपर्यंत कायम राहिले. नव्या अर्जांची संख्या त्यानंतर झपाट्याने घसरली. सूर्य तोच होता. नियम बदलला होता.

आपल्याकडेही दिवसाच्या वेळेप्रमाणे दर येत आहेत. केंद्राच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे, ज्यांच्याकडे स्मार्ट मीटर आहे अशा ग्राहकांना ऊन असलेल्या तासांत वीज नेहमीच्या दरापेक्षा किमान २० टक्के स्वस्त आणि संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी महाग द्यायची आहे. शेतीपंप त्यातून वगळले आहेत. प्रत्येक राज्याचा आयोग आपल्या आदेशाने हे दर ठरवतो. याचा अर्थ पॅनेलची वीज नेमकी स्वस्ताईच्या वेळी निघणार. म्हणून आतापासून सवय लावावी : कपड्यांचे यंत्र, इस्त्री, मिक्सर, घरचे पाणी चढवणारी मोटर ही कामे सकाळी दहा ते दुपारी चार यांत उरकावीत. दर कसाही बदलला तरी दुपारी स्वतः वापरलेल्या युनिटाला तारेतून जावे लागत नाही.

७. दर बदलतात हे धरून चाला

पॅनेल २५ वर्षे टिकते. दर वर्षा-दोन वर्षांनी बदलतो. कर्नाटकात २०२३-२४ साली वापर १०० युनिटांच्या वर गेला की सर्व युनिटांना ७ रुपये पडत. एप्रिल २०२४ पासून तोच दर ५ रुपये ९० पैसे झाला. ज्याने २०२३ साली दोन किलोवॅटचा हिशेब ७ रुपयांनी केला, त्याने महिना १,४०० रुपयांची बचत धरली. पुढच्या वर्षी ती १,१८० झाली. ६०,००० फिटायला ४३ महिन्यांच्या जागी ५१ महिने. आपल्या बंधूच्या अंदाजपत्रकातले ७ रुपये कोठून आले, हेही येथे उलगडते. तो जुना दर होता, आणि त्याच्या घराला तोही लागत नव्हता.

म्हणून नियम असा ठेवा : आजच्या दराने पाच वर्षांच्या आत पैसे फिटत असतील तर व्यवहार करावा. पाच ते आठ वर्षे लागत असतील तर दोनदा विचार करावा. त्यापुढे लागत असतील तर थांबावे. विक्रेता "दर वर्षी वीज महागणारच" असे म्हणून आकडे फुगवत असेल, तर त्याला हे कर्नाटकचे उदाहरण द्या.

८. अनुदान आणि कर्ज

अनुदान संच चालू होऊन तपासणी झाल्यावर बँक खात्यात येते. म्हणजे आधी पूर्ण १,२०,००० रुपये उभे करावे लागतात. अनुदानासाठी पॅनेल भारतात बनलेले असले पाहिजे, विक्रेता योजनेत नोंदलेला असला पाहिजे आणि पाच वर्षे देखभाल त्यानेच करायची आहे. पावतीशिवाय एक पैसाही देऊ नये.

कर्ज काढणार असाल तर हप्ता आणि बचत शेजारी शेजारी लिहा. ६०,००० रुपये सात टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले तर महिन्याचा हप्ता सुमारे १,१९० रुपये येतो. दुसऱ्या घराची बचत १,२००. म्हणजे हप्ता विजेच्या पैशातूनच फिटतो आणि पाच वर्षांनंतरची वीज जवळजवळ फुकट. हे कर्ज घरावर ओझे होत नाही. पहिल्या घराने एक किलोवॅटसाठी ३५,००० घेतले तर सुमारे ७०० रुपयांचा हप्ता दर महिन्याला मुलांच्या तोंडातून काढावा लागेल. कर्ज तसेच, व्याज तेच. पण एक तारणारे, दुसरे बुडवणारे. आणि दहा-बारा वर्षांनी इन्व्हर्टर एकदा बदलावा लागेल, त्यासाठी महिन्याला शे-दीडशे रुपये बाजूला टाकत जावे.

९. शेतीपंपाचा हिशेब वेगळा

पुष्कळजण घराचा व पंपाचा हिशेब एकत्र करतात. तसे करू नये. कर्नाटकात १० अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत आहे, महाराष्ट्रात ७.५ अश्वशक्तीपर्यंत एप्रिल २०२४ पासून पाच वर्षांसाठी मोफत. मग पंपाला सौर संच घेण्यात बिलाची बचत नाही. लाभ दुसरा आहे : दिवसा पाणी देता येते. रात्री दोन वाजता वीज येते म्हणून अंधारात बांधावरून जाणे, ओल्या हाताने स्टार्टर दाबणे, पायाखाली विंचूकाटा, साप. या पायी किती घरांनी माणसे गमावली हे आपल्याला सांगायला नको. त्या लाभाची किंमत रुपयांत होत नाही. २०१९ पासूनच्या कुसुम योजनेत अशा पंपांना अनुदान आहे, त्याची चौकशी अवश्य करावी.

१०. दोन सावधगिरीच्या गोष्टी

साधा नेट मीटरचा संच तारेतली वीज गेली की बंद पडतो, भर दुपारी सुद्धा. खांबावर काम करणाऱ्या माणसाला धक्का बसू नये म्हणून तो मुद्दाम तसा केलेला असतो. वीज गेल्यावरही दिवे हवे असतील तर बॅटरीचा संच लागतो आणि खर्च पुष्कळ वाढतो. वर केलेला हिशेब त्याला लागू नाही.

पॅनेल पुसायला भर उन्हात किंवा ओल्या कौलांवर चढू नये. सकाळी, संच बंद करून, साध्या पाण्याने आणि लांब दांड्याच्या मऊ पुसणीने शक्यतो जमिनीवरून किंवा पक्क्या शिडीवरून पुसावे. चार युनिटांसाठी हातपाय मोडून घेऊ नये.

घरचा अभ्यास

१. मागच्या बारा महिन्यांची बिले काढा. प्रत्येकातली युनिटे आणि भरलेली रक्कम दोन रकान्यांत लिहा.
२. बिलातला स्थिर आकार वेगळा काढा. तो वाचणार नाही, त्यावर रेघ मारा.
३. तुमचे शेवटचे युनिट कोणत्या दराने पडते? त्यातून १०० युनिटे वरून कमी केली तर किती रुपये वाचतात?
४. पदरचा खर्च (किंमत वजा अनुदान) भागिले महिन्याची बचत. उत्तर ६० महिन्यांच्या आत आहे काय?
५. संच न घेता, नुसते दिवे व पंखे बदलून किती युनिटे वाचतील?

महिला मंडळात किंवा शेतकरी मंडळात दोन-तीन घरांची बिले शेजारी ठेवून हा अभ्यास केला तर लवकर समजेल. विक्रेता दारी आला की त्यालाही हेच पाच प्रश्न विचारावेत. प्रामाणिक माणूस उत्तरे देईल.

आपल्या बंधूने माळ सोसायटीत ठेवली नाही. त्याने घरातले तीन जुने दिवे आणि स्वयंपाकघरातला पंखा बदलला. त्याचा भाऊ मात्र गावात पिठाची गिरणी चालवतो आणि त्याचे घरगुती बिलही तीनशे युनिटांच्या वर आहे. त्याने आपली बारा बिले घेऊन पुढच्या रविवारी यायचे कबूल केले आहे. त्याच्या घराचा हिशेब बहुधा दुसऱ्या घरासारखा निघेल, आणि तसा निघाला तर त्याने संच जरूर घ्यावा. गिरणीची जोडणी वेगळी आहे आणि घरांचे अनुदान तिला नाही, म्हणून तिचा हिशेब वहीच्या वेगळ्या पानावर करावा लागेल.